गेटबाहेरची पाच मिनिटं

आमच्याकडे आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. भोसरी, पिंपरी-चिंचवड, चाकण या पट्ट्यातले बरेच लहान-मध्यम कारखाने गुरुवारीच बंद राहतात. विजेचा भार निरनिराळ्या वारी वाटला जावा म्हणून कधीकाळी हा वार ठरला आणि पुढे तो लोकांच्या आयुष्यातच बसला. मुलगी बघायला जायचं असो की गावाकडच्या पाहुण्यांना आळंदीला न्यायचं असो, सगळं गुरुवार धरून ठरतं. मशीन शॉपमध्ये या सुट्टीची वसुली शुक्रवारी सकाळी होते. फर्स्ट शिफ्टचा ऑपरेटर मशीनचं दार सरकवतो आणि आतून भपकारा येतो. कूलंट नासलेलं असतं.

ज्यांनी व्हीएमसी किंवा सीएनसी लेथ जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. धातू कापताना टूल तापू नये म्हणून त्यावर जी पांढरट धार सतत सोडलेली असते, ते कूलंट. पाण्यात साधारण पाच ते आठ टक्के खास तेल मिसळून ते बनवतात. मशीन चालू असलं की ते फिरत राहतं, त्याला हवा लागत राहते. मशीन दिवसभर थांबलं की स्लाइडचं गळलेलं वंगण टाकीवर साय धरतं, खाली हवा पोचत नाही आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू फोफावतात. त्यांच्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा म्हणतात तो वास हाच.

या मशीनांवर मी आधी ऑपरेटर, मग सेटर आणि आता लाइन लीडर म्हणून बरीच वर्षं काढली. शुक्रवारी पोरं नाकाला रुमाल लावून सांगायला यायची, "दादा, आज टाकी साफ करायलाच पायजे." मी रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकून उजेडाकडे धरायचो. तेलाचं प्रमाण बरोबर दिसायचं. वास मला यायचा नाही. काहीतरी तेलकट, धुरकट जाणवायचं, तेवढंच. पोरांच्या शब्दावर मी टाकी साफ करायला लावायचो.

सिगारेट सोडून काही आठवडे झाले होते. त्या शुक्रवारी मी स्वतः दार सरकवलं आणि तो वास असा अंगावर आला की दोन पावलं मागेच झालो. पोटात ढवळून आलं. शेजारचा ऑपरेटर हसत होता, कारण माझं तोंड वाकडं झालेलं त्यानं पहिल्यांदा पाहिलं. मला मात्र त्या घाणेरड्या वासानं इतका आनंद झाला की मी परत वाकून तो घेतला. वर्षानुवर्षं बंद असलेलं एक दार आत कुठंतरी उघडलं होतं. सिगारेट सोडल्यावर शरीरात काय काय होतं याचे तक्ते मी दवाखान्याच्या भिंतीवर वाचले होते. पण त्या तक्त्यांत कूलंट नव्हतं, आणि मला पटलं ते कूलंटमुळे.

आमच्या धंद्यात नाकाला मोल आहे. मला काम शिकवणारे एक मामा म्हणायचे, मशीन कानानं, डोळ्यानं आणि नाकानं ओळखायचं, स्क्रीन शेवटी बघायचा. बेल्ट घासायला लागला की जळक्या रबराचा वास येतो. मोटर तापली की वॉर्निशचा येतो. ब्लंट झालेलं इन्सर्ट, म्हणजे टूलची बदलायची धार, तसंच रेटलं की कूलंटची वाफ जास्त उठते आणि तिला वेगळाच करपट वास असतो. मला कान आणि डोळे होते. तिसरी गोष्ट मी टपरीवर ठेवून यायचो. नाक परत आल्यावर एकदा कन्व्हेयरच्या मोटरचा वास मला दूरवरून आला आणि मेंटेनन्सवाल्यानं उघडून बघितली तर बेअरिंग जाम होत आलेलं. अजून तासभर गेला असता तर वाइंडिंग जळून लाइन बसली असती.

मी मूळचा लातूर जिल्ह्यातला. दहावी झाल्यावर आयटीआयला टर्नर केलं आणि भोसरीत आलो. इंद्रायणीनगरला एका खोलीत कॉट बेसिसवर राहायचो. ज्या कॉटवर मी रात्री झोपायचो त्यावर दिवसा थर्ड शिफ्टचा दुसरा कुणी झोपायचा. गावात आमच्या घरी कुणी ओढत नव्हतं, वडील तंबाखू मळायचे. मला सिगारेट लागली ती कंपनीच्या गेटबाहेर आणि ती का लागली हे मी आज नेमकं सांगू शकतो. टर्नरचं काम उभ्यानं असतं. पाय भरून येतात. मशीन सोडून पाच मिनिटं बाहेर जायला काहीतरी निमित्त लागतं. "जरा बसतो" म्हणणाऱ्याला कामचुकार म्हणतात. "एक मारून येतो" म्हणणाऱ्याला कुणी अडवत नाही. कंपनीच्या आवारात ओढायला बंदी असते, ती आगीच्या भीतीनंही असते आणि २००३ च्या कायद्यानंही. त्यामुळे ओढणाऱ्याला गेटबाहेर जावंच लागतं, आणि ते सगळ्यांना मान्य असतं.

गेटबाहेरच्या टपरीवर माझं अर्धं शिक्षण झालं. केंद्र सरकारनं २०१६-१७ मध्ये केलेल्या पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू घेणारे प्रौढ २६.६ टक्के निघाले, पण त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के. बाकी सगळा मळून खाण्याचा, मशेरी लावण्याचा, पुड्यांचा मामला. आमच्या शॉपमध्येही तसंच चित्र. तंबाखूवाल्याला जागा सोडावी लागत नाही, तो मशीनपुढे उभ्या उभ्या बार भरतो. ओढणारे मोजके, पण ते सगळे एका ठिकाणी भेटतात. सेटर, टूल रूमवाले, क्वालिटीवाले, मेंटेनन्सचा फोरमन, कधी कधी मॅनेजरसुद्धा. टपरीला दोरीनं टांगलेला लायटर हातोहात फिरतो आणि त्याबरोबर सगळ्या बातम्या फिरतात. कोणत्या कंपनीत भरती आहे, कुठला ठेकेदार पगार थकवतो, कुणाचं पर्मनंटचं पत्र निघालं. बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, सारखा ओव्हल येत असेल तर चकचा दाब कमी कर, हे मला तिथंच कळलं. नवीन पोराला हे सगळं हवं असतं. मग तो एक घेतो. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रानं सुटी सिगारेट आणि बिडी विकायला बंदी केली. टपरीवर मात्र एक मागितली की एक मिळतेच आणि नवशिक्याला एकच परवडते.

सोडायचं ठरलं ते वार्षिक तपासणीमुळे. कंपनीत मेडिकल कॅम्प होता, त्यात फुंकायची तपासणी असते. नाकाला चिमटा लावतात, तोंडात पुठ्ठ्याची नळी देतात, आणि समोरची मुलगी ओरडत राहते, "जोरात, जोरात, अजून, अजून, सोडू नका." पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजतात. डॉक्टरांनी मला आजारी म्हटलं नाही. त्यांनी एका कागदावर दोन रेघा काढल्या. माणसाच्या फुप्फुसाची ताकद पंचविशीनंतर हळूहळू उतरतेच, ती एक रेघ. काही ओढणाऱ्यांची त्याच्या दुप्पट वेगानं उतरते, ती दुसरी. म्हणाले, फ्लेचर आणि पेटो नावाच्या दोघांनी लंडनमधल्या काम करणाऱ्या माणसांना आठ वर्षं तपासून १९७७ मध्ये हे मांडलं होतं. गेलेली ताकद बहुतांशी परत येत नाही, पण ज्या दिवशी माणूस सोडतो त्या दिवसापासून त्याची रेघ पहिल्या रेघेला समांतर चालू लागते. मी टूलची झीज रोज बघणारा माणूस. झिजलेलं इन्सर्ट पुन्हा भरून येत नाही, पण फीड कमी केला तर उरलेली धार किती चालेल हे मला कळतं. तो कागद मी खिशात ठेवला.

सिगारेटच्या पाकिटावर २०१८ पासून ती सोडायला मदत करणारा एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. तो फुकट लागतो. मी केला. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते?" लवकर लागत असेल तर सवय खोल आहे असं धरतात. मग त्यांनी गम कसा खायचा ते समजावलं. निकोटिनचा गम साध्या च्युइंगगमसारखा सलग चघळायचा नसतो. थोडा चावायचा, जिभेला झणझणीत लागलं की गालाच्या आत दाबून ठेवायचा, झणझण गेली की पुन्हा थोडा. सलग चावला तर उचकी लागते, छातीत जळजळतं. तोंडात गम असताना आणि त्याआधी १५ मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. हे एवढं बारीक सांगणारं माणूस मिळालं नसतं तर पहिल्याच दिवशी मी तो थुंकून दिला असता. आमच्याकडे कितीतरी जणांनी तसा थुंकला आणि "गमचा काही उपयोग नाही" असं सांगत फिरले.

पहिल्या आठवड्याबद्दल लोक चिडचिडीचं बोलतात, ती होतेच. माझा खरा त्रास हाताचा होता. डायल बोअर गेज जॉबमध्ये घालून हलकेच पुढे-मागे डोलवतात आणि सुई जिथं परत फिरते तो आकडा घेतात. माझी सुई थरथरत होती. वीस मायक्रॉनची टॉलरन्स, आणि माझ्या हातातच पाच-सहा मायक्रॉन हलत होते. मला वाटलं निकोटिन सुटल्याचा हा परिणाम असेल, महिनाभर असंच चालायचं. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी उलट मलाच विचारलं, "चहा किती पिता?" शिफ्टमध्ये चहा मोजत कोण बसतं? त्यांनी सांगितलं ते मला कुठल्याच पोस्टरवर दिसलेलं नाही. तंबाखूच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफीन झपाट्यानं निकालात काढतं. धूर थांबला की तो वेग उतरतो आणि चहा तेवढाच राहिला तरी रक्तातलं कॅफीन जवळजवळ दुप्पट होतं. त्यात भर म्हणजे सिगारेटच्या जागी आपण चहाच वाढवतो. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री डोळा न लागणं, यातलं बरंचसं चहाचं असतं आणि माणूस ते सिगारेट सोडण्याच्या नावावर लिहितो, मग पुन्हा ओढायला लागतो. मी चहा निम्म्यावर आणला. काही दिवसांत सुई स्थिर झाली. पुढे तर हात आधीपेक्षा चांगला झाला, कारण मुळात निकोटिननंही हाताचा कंप वाढतो. जो कुणी मापाचं काम करतो, सोनार असो, घड्याळवाला असो, त्याला ही चहाची गोष्ट मी आवर्जून सांगतो.

बाकीचे बदल बारीक होते, पण कंपनीत ते लपत नाहीत. तोंड आलं, जिभेखाली आणि ओठाच्या आत फोड. पोट बांधलं गेलं. सकाळी सिगारेटशिवाय साफ होत नाही असं म्हणतात त्यात तथ्य आहे, निकोटिन आतड्याला हलवतं, पण सवय बदलते. कोमट पाणी आणि पेरू यांच्यावर ते दोन-तीन आठवडे निघाले. दात घासताना हिरड्यातून रक्त आलं तेव्हा मी घाबरलो होतो. दातांच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, सिगारेटमुळे हिरड्यातला रक्तपुरवठा आवळलेला असतो, त्यामुळे हिरड्या सुजल्या असल्या तरी रक्त दिसत नाही. आता दिसतंय ते बरं आहे, साफ करून घेऊ. भूक वाढली. पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं असं म्हणतात आणि मी त्या सरासरीतच बसलो. युनिफॉर्मच्या पँट सैल करून घ्याव्या लागल्या. स्वप्नं फार ठळक पडायची आणि त्यात मी हमखास ओढत असायचो.

खोकला मात्र वाढला. हे कुणी आधी सांगितलं नाही तर माणूस हमखास डगमगतो. श्वासनळीच्या आत बारीक केसांसारखे तंतू असतात, ते घाण वर ढकलत राहतात. धुरानं ते लुळे पडलेले असतात. सोडल्यावर ते जागे होतात आणि साठलेलं सगळं वर काढायला लागतात. सकाळी बेसिनमध्ये काळसर, चिकट बेडके पडायचे. आमच्या खात्यात कूलंटचे तुषार आणि कास्टिंगची भुकटी हवेत असतेच, तेही त्यात असणार. बायको म्हणाली, "आधी बरे होता की, आता काय हे?" काही महिन्यांत तो खोकला गेला तो गेलाच. आता पहाटे मी घरात उठलो तर कुणाला कळत नाही. आधी माझ्या खोकल्यानं सगळं घर उठायचं, शेजारचे सुद्धा.

डिसेंबर-जानेवारीत चाकणला, आता मी जिथं काम करतो तिथं, सकाळी सहा-साडेसहाला बोचरी थंडी असते. गार मायक्रोमीटर बोटांत धरवत नाही. माझी बोटं नेहमीच गारठलेली असायची आणि मी ते हवेवर घालायचो. निकोटिननं त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतात, बोटांना रक्त कमी मिळतं. सोडल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात माझे हात ऊबदार होते. जॉबच्या कडेचा धारदार बर लागून कापलेलं बोट आमच्याकडे रोजचंच. त्या जखमा आधी दिवसेंदिवस ओल्या राहायच्या, त्यात कूलंट जाऊन चुरचुरायच्या. आता लवकर खपली धरतात.

थर्ड शिफ्ट हा वेगळा विषय आहे. पहाटे तीन ते साडेचार या वेळात शरीर झोप मागतं आणि ओढणारा म्हणतो, सिगारेटशिवाय थर्ड शिफ्ट निघायची नाही. मीही हेच मानायचो. सुरुवातीच्या त्या रात्री फार जड गेल्या. मी तोंडावर पाणी मारून शॉपला फेरी मारायचो, चिपचे बिन स्वतः ओढायचो. मग लक्षात आलं की बदल दिवसाच्या झोपेत झाला आहे. निकोटिन दोन-एक तासांत रक्तातून निम्म्यावर येतं, त्यामुळे ओढणाऱ्याचं शरीर झोपेतही तलफेनं चाळवत असतं. पूर्वी शिफ्ट करून आल्यावर मी दुपारी दोनदा-तीनदा उठायचो. आता सलग झोपतो. दिवसाची झोप नीट झाली की पहाटे तीन वाजता उभं राहायला सिगारेट लागत नाही.

घरचं सांगायचं तर बायकोनं एक दिवस शर्ट धुवायला टाकताना म्हटलं, "आता नुसता ऑइलचा वास येतो." तिच्या आवाजात जी सुटका होती ती ऐकून मला आतून भरून आलं. ती इतकी वर्षं काय धूत होती हे मला तेव्हा कळलं. जेवणाचं तर नवलच. आमच्याकडे मराठवाड्यात येसराची आमटी करतात. आईनं गावाहून येसर पाठवला होता आणि त्यातले भाजलेले धने आणि खोबरं मला वेगवेगळे लागले. मी आमटीला मीठ-तिखट जास्त झालंय म्हटलं. बायको म्हणाली, जास्त नाही, तुमच्या जिभेला लागावं म्हणून मी रोज एवढंच घालत होते, बाकीचे निमूट खायचे. त्या आठवड्यापासून आमच्या घरातलं मीठ कमी झालं.

नाक उघडलं म्हणजे फक्त चांगलंच येतं असं नाही. चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी ट्रॅफिक तुंबलं की आधी मी दुचाकीवर पाय टेकवून एक पेटवायचो. आता तिथं डिझेलचा धूर डोक्यात जातो. आंबेठाण चौकापर्यंत हेल्मेटची काच खाली ठेवावी लागते. पण त्याच रस्त्यावर मार्केट यार्डात कांद्याची आवक जोरात असली की ट्रॅक्टरमागून जाताना कांद्याचा ओलसर, मातकट वास येतो. चाकण गाड्यांच्या कारखान्यांसाठी जगाला माहीत झालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते कांद्याच्या बाजाराचं गाव आहे. हे मला ऐकून माहीत होतं, आता नाकानं माहीत आहे.

दम किती सुधारला याचं माप मला भंडारा डोंगरावर मिळालं. तुकाराम महाराजांच्या चिंतनाची जागा म्हणून इकडचे लोक तिथं गुरुवारी, एकादशीला जातात. पायऱ्या चढताना पूर्वी मी मधेच देखावा बघायला म्हणून थांबायचो. या खेपेला चढता चढता मी मुलीला खालची इंद्रायणी, तळवड्याकडचे कारखान्यांचे पत्रे, देहूची बाजू दाखवत होतो आणि वर पोचल्यावर मुलगीच म्हणाली, "पप्पा, तुम्ही बोलत बोलत आलात." पहिल्या काही दिवसांतच पाय हलके वाटतात त्याचं कारण कार्बन मोनॉक्साइड. ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या रक्तातल्या जागा तो अडवून बसतो आणि ओढणं थांबलं की एक-दोन दिवसांत त्या मोकळ्या होतात. पण चढताना बोलता येणं हे काही महिन्यांचं काम असतं. ते घाईनं येत नाही, हे सोडणाऱ्यानं धरून चालावं.

आमचे ते मामा बिडी ओढायचे. माझं बघून म्हणाले, "तुझं वय आहे बाबा. आता आम्ही पन्नाशी ओलांडली, आता सोडून काय मिळणार?" मी त्यांना डॉक्टरांकडून ऐकलेलं सांगितलं. इंग्लंडमध्ये डॉक्टरांच्याच सवयींचा ५० वर्षं पाठपुरावा केला, १९५१ पासून. तिशीत सोडणाऱ्याला आयुष्याची साधारण १० वर्षं परत मिळतात, चाळिशीत सोडली तर ९, पन्नाशीत ६, साठीतसुद्धा ३. मामा म्हणाले, "म्हंजे रिटायर झाल्यावर सहा वर्षं." मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "बिडीला पण लागू आहे का हे?" भारतात २००८ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात बिडीमुळे पुरुषांचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी कमी होतं असं आढळलं होतं. पानात गुंडाळली म्हणून ती औषधी होत नाही. मामांनी सोडली, पुन्हा धरली, पुन्हा सोडली. अशा माणसाला कुणी हसू नये. बहुतेकांची ती अशीच सुटते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो ती सांगतो. शरीर मला परत मिळालं, पण कंपनीतली पाच मिनिटं गेली. ओढत होतो तेव्हा शिफ्टमध्ये चार-दोन वेळा बाहेर जायचो, कुणी विचारलं नाही. सोडल्यावर मी मशीनजवळच राहिलो आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही की या माणसाची विश्रांती संपली. पाय दुखायला लागले. शिवाय बातम्या बंद झाल्या. एका जॉबचं इन्सर्ट बदलायचं ठरलं ते टपरीवर ठरलं, मला लाइनवर बॉक्स आल्यावर कळलं. सिगारेटची तलफ दोन-पाच मिनिटांत विरते, पण ओळीनं उभ्या माणसांत आपण नाही, हे महिनोन्‌महिने टोचत राहतं. मला वाटतं, पुन्हा ओढायला लागणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना निकोटिन ओढून नेत नाही, ही जागा ओढून नेते.

आणि ज्यानं कधीच ओढली नाही त्याचं काय? आमच्या लाइनवर एक ट्रेनी आला, परभणीकडचा. चांगला पोरगा, हात स्वच्छ. काही महिन्यांनी तो मला गेटबाहेर दिसला. मी विचारलं, "कधीपासून रे?" तो आधी लाजला, मग म्हणाला, "दादा, आत राहिलं की कुणी बोलत नाही. बाहेर गेलं की सेटर नीट सांगतात. आणि जरा बसायला पण मिळतं." त्याच्या वयाचा मी त्याच जागी उभा होतो, त्याच कारणानं. त्या पोराला कॅन्सरचं चित्र दाखवून काही होणार नव्हतं. पाकिटावर ८५ टक्के जागेत ते चित्र रोज त्याच्या हातात होतंच.

मी मॅनेजर साहेबांकडे गेलो. म्हटलं, ओढणाऱ्यांना आपण पाच-पाच मिनिटं देतोच, न ओढणाऱ्यांनाही द्या, नाव लावून द्या. त्यांचा पहिला सवाल स्वाभाविक होता, प्रॉडक्शनचं काय? कारखाने कायदा १९४८ चा, त्यात पाच तासांहून जास्त सलग काम घ्यायचं नाही, मधे किमान अर्धा तास विश्रांती, एवढं होतं. ती जेवणाची सुट्टी होते. छोट्या विश्रांतीचं प्रत्येक कंपनीनं आपल्या मनावर ठेवलेलं. मी त्यांना सायकल टाइमचा कागद दाखवला. आमच्या मोठ्या जॉबला मशीन सात मिनिटं एकटं कापतं. ऑपरेटरनं लोड करून दार लावलं की शेजारच्यानं दोन मशीनवर नजर ठेवायची आणि यानं पाच मिनिटं जायचं. मशीन थांबत नाही. ज्या लाइनला सायकल छोटी आहे तिथं लाइन लीडरनं स्वतः उभं राहायचं. साहेब म्हणाले, "फर्स्ट शिफ्टला करून बघा."

आता आमच्याकडे जेवणाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात. कुणी कारण विचारत नाही. कॅन्टीनच्या मागे सावलीला एक बाक टाकला आहे. सुरुवातीला तिथं फक्त मी आणि एक ओडिशाचा ऑपरेटर बसायचो, तो कधीच न ओढलेला, पहिल्यांदा बसला तेव्हा सारखं मागे वळून बघत होता की कुणी हाक तर मारत नाही ना. मग टूल रूमचे एक जण यायला लागले. आता सेटिंगच्या अडचणी त्या बाकावरही निघतात. परभणीचा पोरगा कधी तिथं असतो, कधी गेटबाहेर. मी त्याला टोकत नाही. त्याला हवं ते दोन्हीकडे मिळतंय एवढं त्याला दिसलं पाहिजे. गमची एक पट्टी मात्र माझ्या ड्रॉवरमध्ये असते आणि तो कसा चघळायचा ते मी त्याला सांगून ठेवलं आहे.

सेकंड शिफ्टला ही पद्धत अजून नाही. तिथला लाइन लीडर म्हणतो, ऑर्डरचा जोर ओसरू दे, मग बघू. पुढच्या महिन्याच्या मीटिंगला मी दोन्ही शिफ्टच्या रिजेक्शनचे आकडे शेजारी शेजारी ठेवून त्याच्याशी बोलणार आहे.